कशाचाच नसलेला गोळा

"काय करत रायतं रे तू शनिवार-रविवारी?" बाबांनी फोनवर विचारलं. गणपतीचे दिवस होते, मागून आरतीच्या टाळांचा आवाज येत होता.

मी म्हणालो, "एक गोळा बघत असतो."

"कशाचा गोळा?"

"कशाचाच नाही."

पलीकडे शांतता. मग फोन आईकडे गेला. आमच्याकडे बाबांना एखादी गोष्ट पटली नाही की फोन आईकडे जातो, ही जुनी पद्धत आहे.

पण मी खोटं बोललो नव्हतो. आठवडाभर मी पुण्यात एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. बारावीनंतर मला बीएस्सी फिजिक्सला जायचं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, "आधी इंजिनिअरिंग कर, मंग पाहू." ते 'मंग पाहू' मी आता शनिवारी पाहतो. लॅपटॉपच्या पडद्यावर एक फुगवटा असतो, तो वर-खाली, वर-खाली होत राहतो. त्याला ऑसिलॉन म्हणतात. मराठीत काय म्हणावं यावर मी बराच विचार केला, 'दोलगोल' वगैरे करून पाहिलं आणि स्वतःलाच हसू आलं. तेव्हा ऑसिलॉन. किंवा आपला गोळाच.

आता हा गोळा कशाचाच नाही म्हणजे काय, ते आधी सांगतो. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, मी रागावणार नाही.

मे महिन्यात टीव्हीवर तापमानाचा नकाशा दाखवतात. समजा खामगावला ४४, मेहकरला ४२, बुलढाणा घाटावर म्हणून ३९. जागेच्या प्रत्येक बिंदूला एक आकडा. झालं, हे स्केलर फील्ड. पुस्तकी मराठीत अदिश क्षेत्र. त्या आकड्याला दिशा नाही, वजन नाही, तो नुसता आकडा आहे. भौतिकशास्त्रातल्या फील्डला त्यावर दोन नियम लागतात. एक, प्रत्येक बिंदूवरच्या आकड्याला आपल्या ठरलेल्या जागी परत जायचं असतं, स्प्रिंगसारखं. दोन, शेजारचे आकडे एकमेकांना ओढत असतात. आता मध्येच एका ठिकाणी फील्ड वर उचललं आणि सोडून दिलं, तर काय होईल?

विहिरीत दगड टाकल्यावर होतं ते. लाटा निघतील, चहूकडे पसरतील, आणि मधली जागा सपाट. ऊर्जा कुठे नष्ट होत नाही, फक्त इतकी पातळ होते की असून नसल्यासारखी. माझ्या प्रोग्रॅमच्या एककांत सांगायचं तर पाच-दहा एककांत खेळ खलास.

जी. एच. डेरिक यांनी १९६४ साली याहून कडक गोष्ट सिद्ध केली. एकच स्केलर फील्ड असेल आणि जागा एकापेक्षा जास्त मितींची असेल, तर स्थिर उभा राहणारा गोळा टिकूच शकत नाही. युक्तिवाद इतका साधा आहे की मला तो पहिल्यांदा वाचताना फसवणूक वाटली होती. गोळ्याची ऊर्जा दोन ठिकाणी असते, शेजाऱ्यांच्या ओढाताणीत आणि जागेवरून हलण्यात. तीन मितींत पहिली त्रिज्येच्या प्रमाणात बदलते, दुसरी त्रिज्येच्या घनाच्या. म्हणजे गोळा लहान केला की दोन्ही कमी होतात. मग त्याला आकसण्यापासून अडवणार कोण? कोणीच नाही.

जे गोळे टिकतात त्यांच्याकडे काहीतरी हमी असते. दोरीला गाठ मारून दोन्ही टोकं खुंट्यांना बांधली तर ती गाठ कितीही हलवा, सुटत नाही. 'किंक' नावाच्या उकली अशा असतात. भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्समध्ये मोठी कारकीर्द करून पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आलेले अविनाश खरे यांनी पॉल यांच्याबरोबर १९८६ साली विद्युतभार असलेले भोवरे दाखवले, त्यांनाही अशीच गाठीची हमी आहे. सिडनी कोलमन यांनी १९८५ साली क्यू-बॉल मांडले, तिथे गाठ नाही पण एक भार आहे जो बदलत नाही, तो गोळ्याला धरून ठेवतो. कुठे गाठ, कुठे भार. कागदपत्रं व्यवस्थित.

ऑसिलॉनकडे यातलं काही नाही. तरी तो राहतो. माझ्या डोक्यात बसलं ते हे.

थोडं विषयांतर. माझं घर मेहकरला. लोणार तिथून वीसेक किलोमीटर, शाळेची सहल दरवर्षी तिकडेच. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. आधी ते ५० हजार वर्षांपूर्वीचं मानत, अलीकडच्या मोजणीतून पाच-सहा लाख वर्षं निघाली आहेत. उल्का आदळली, काळ्या दगडात खळगा झाला, आणि तो तसाच राहिला, कारण दगड हलत नाही. लहानपणापासून टिकणं म्हणजे हेच माहीत होतं, हलायचं नाही. ऑसिलॉन उलटा. डेरिकचं प्रमेय फक्त स्थिर गोळ्याला लागू आहे. जो सतत हलतो त्याला ते पकडू शकत नाही. पण नुसतं पकडलं न जाणं म्हणजे वाचणं नव्हे, म्हणून वाचतो कसा ते बघायला मी दिवाळीत गच्चीवर एक उद्योग केला.

कपडे वाळत घालायच्या तारेला एका ओळीत दहा दोऱ्या बांधल्या. प्रत्येकीच्या टोकाला ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडून आणलेला एकेक जड नट. शेजारच्या दोऱ्या मधोमध रबरबँडने सैलसर जोडल्या (रबरबँड बाबांच्या दुकानातले, पुड्यांना लावायचे). झाले दहा झोके, एकमेकांना जरासे ओढणारे. बाबा दुकानातून जेवायला आले होते, ते हात धुऊन गच्चीवर येऊन उभे राहिले.

मधल्या नटाला हलका झोका दिला. थोड्या वेळात शेजारचे दोन हलायला लागले, मग त्यांच्या पलीकडचे, आणि मधला मंदावला. ऊर्जा वाटली गेली. मग सगळे थांबवून मधल्याला पार साठेक अंशांपर्यंत ओढलं आणि सोडलं. तो एकटाच झोके घेत राहिला. शेजारी नुसते थरथरले.

"त्याले कोनी हात लावून नाही रायलं," बाबा म्हणाले. त्यांना ते आवडलं असावं, फोन आईकडे गेला नाही.

कारण असं. नागपंचमीला कडुलिंबाला बांधलेला झोका आठवा. लहान झोका असो की थोडा मोठा, एका हेलकाव्याला वेळ जवळपास सारखाच लागतो, असं आपल्याला शाळेत शिकवतात. पण ते फक्त लहान झोक्याला खरं आहे. साठ अंशांपर्यंत गेलात तर एका हेलकाव्याला सुमारे ७ टक्के जास्त वेळ लागतो. मोठा झोका सावकाश असतो. आणि माझ्या दहा झोक्यांच्या ओळीतून जी लाट जाते तिला किमान एक वेग लागतो, म्हणजे लहान झोक्याचा स्वतःचा ठेका. त्याहून सावकाश ठेका ओळीतून पुढे जाऊच शकत नाही, दोन-तीन झोक्यांतच विरतो. मग मधला मोठा झोका काय करतो? तो इतका मोठा आहे म्हणून सावकाश आहे, सावकाश आहे म्हणून त्याची ऊर्जा शेजाऱ्यांकडे जात नाही, आणि जात नाही म्हणून तो मोठा राहतो.

ऑसिलॉन म्हणजे हेच, फक्त दोऱ्यांच्या जागी फील्ड. त्याला कोणी बांधलेलं नाही. बाहेर जायची वाट त्याच्या ठेक्याला अरुंद पडते, एवढंच.

पण पूर्ण बंद नाही! मुख्य ठेका सावकाश असला तरी त्याच्यात दुप्पट, तिप्पट गतीचे बारीक ठेके मिसळलेले असतात. ते मात्र बाहेर निसटतात. थेंब थेंब. ऊर्जा कमी होते तसा झोका लहान होतो, लहान झाला की ठेका जरासा जलद होतो, उंबरठ्याच्या जवळ सरकतो. तीन मितींत शेवट हळूहळू येत नाही. हजारो हेलकावे दिसायला सारखेच, आणि एका मर्यादेनंतर बघता बघता सगळं विस्कटतं.

हे प्राणी सापडले तेही गमतीने. १९७६ साली सोव्हिएत रशियात दुबना इथल्या संस्थेत बोगोल्युब्स्की आणि माखान्कोव्ह यांना गणकयंत्रावर असे धडधडणारे फुगे दिसले, त्यांनी नाव दिलं पल्सॉन. मग बरीच वर्षं फारसं कोणी बघितलं नाही. १९९४ साली मार्सेलो ग्लायझर हे ब्राझिलियन भौतिकशास्त्रज्ञ वेगळ्याच कामात होते. अवस्था बदलताना जे बुडबुडे तयार होतात ते कोसळायला किती वेळ लागतो, हे बघत होते. बुडबुडा कोसळला, पण गेला नाही. १९९५ साली कोपलँड, ग्लायझर आणि म्युलर यांनी मिळून सविस्तर लिहिलं, ऑसिलॉन हे नाव तेव्हाचं. पाच-दहा एककांत विरायला हवं होतं ते हजार ते दहा हजार एककं टिकत होतं.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, टेक्सासमध्ये उमबनहॉवर, मेलो आणि स्विनी यांनी ब्राँझच्या बारीक मण्यांचा थर एका भांड्यात घालून ते भांडं वर-खाली थरथरवलं. एका विशिष्ट थरथरीला मण्यांत मध्येच एक एकटा ढीग उभा राहिला. एका ठोक्याला टेकडी, पुढच्या ठोक्याला खड्डा, पुन्हा टेकडी. त्यांनीही त्याला ऑसिलॉनच म्हटलं. नाव एकच, पण मला यात एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. मण्यांचा ढीग भांडं हलवणाऱ्या मोटरीवर जगतो. घर्षणात जेवढी ऊर्जा जाते तेवढी खालून मिळत राहते. मोटर बंद, ढीग बंद. फील्डमधला ऑसिलॉन मात्र स्वतःच्या गाठीला असलेल्या ऊर्जेवर जगतो, त्याला बाहेरून काही येत नाही.

निदान यायला नको.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. गणपतीत मी जो गोळा बघत होतो तो मरत नव्हता. प्रोग्रॅम साधा होता, गोळा गोल असल्यामुळे फक्त त्रिज्येचा हिशेब, पायथॉनमध्ये दीडशे ओळी. दहा हजार एककं झाली, वीस झाली, पन्नास हजार झाली. शुक्रवारी रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपायचो आणि सकाळी दात घासायच्या आधी बघायचो. आहे! लिहिलेल्या निबंधांत दहा हजार, माझ्याकडे पन्नास हजार आणि धडधड चालूच. मला काय काय वाटलं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की नोबेलच्या भाषणात बाबांच्या 'मंग पाहू'चा उल्लेख करायचा का, यावर मी एक संध्याकाळ घालवली होती.

आणि मी तपासणीही केली होती हो. बग शोधणं हा माझा धंदा आहे. एकूण ऊर्जा मोजली, सुरुवातीला जेवढी तेवढीच पन्नास हजार एककांनंतर, सहाव्या दशांशापर्यंत. हिशेब जुळतोय म्हणजे प्रोग्रॅम बरोबर. मी ते सगळं नीट लिहून, आलेख जोडून, पुण्यातल्या एका प्राध्यापकांना मेल केलं. ओळख ना पाळख.

उत्तर दिवाळीत आलं, मी दुकानात गल्ल्यावर बसलो होतो तेव्हा. दोन ओळी. "छान काम. डबा दुप्पट मोठा करून पाहा."

डबा म्हणजे, संगणकाला अनंत जागा देता येत नाही, कुठेतरी थांबावं लागतं. मी त्रिज्या ६० एककांवर थांबवली होती आणि तिथे फील्ड शून्यावर बांधून ठेवलं होतं. बांधून ठेवलं म्हणजे भिंत उभी केली. गोळ्यातून थेंब थेंब निसटणाऱ्या लाटा त्या भिंतीपर्यंत जात होत्या, आपटत होत्या आणि परत येत होत्या. सगळं गोल असल्यामुळे परत येताना नेमक्या मध्यावर, गोळ्यावरच. जे सांडत होतं तेच त्याला पुन्हा पाजलं जात होतं. एकूण ऊर्जा सहाव्या दशांशापर्यंत जुळत होती ती यामुळेच. डब्यातून काही बाहेरच जात नसेल तर जुळणारच! ज्याला मी पुरावा समजत होतो तोच बग होता.

लाज वाटली. होंडा आणि चॉपट्विक यांनी २००२ साली याच अडचणीवर इतकी मेहनत घेतली होती, निर्देशांकच असे निवडले होते की बाहेर जाणारी लाट कडेजवळ गोठून जाते, परत येत नाही. तो निबंध मी वाचला होता. वाचून 'हे फार बारकाव्याचं आहे' म्हणून पुढे गेलो होतो.

त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. आमच्या दुकानात अजून वहीची पूजा होते. बाबांनी मला जुनी वही दिली आणि म्हणाले, "बेरजा पाहून घे एकदा, डोये दुखतेत माये."

वही पंधरा मिनिटांत झाली असती. बाबांचा हिशेब पैशापैशाला जुळतो, याचा त्यांना अभिमान आहे. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास जमेच्या बाजूला एक ओळ होती. 'पुणे, १५,०००.'

मी दर महिन्याला आई-बाबांच्या औषधांसाठी आणि घरखर्चासाठी पाठवतो ती रक्कम. नावेच्या बाजूला त्याच आठवड्यात ठोकवाल्याला गेलेले पैसे. साखर, तेल, साबण. मी मागे मागे पानं उलटत गेलो. दीड वर्ष. त्याआधी ती ओळ नव्हती, आणि त्याआधी दर महिन्याला बाकी जराशी कमी होत गेलेली दिसत होती. दोनशे, पाचशे, कधी हजार. फार नाही. एखाद्या महिन्याकडे बघून कोणी म्हणालं नसतं की दुकान तोट्यात आहे. त्यानंतर मात्र सपाट रेषा. दर महिन्याला बेरीज बरोबर.

गेली दोन वर्षं मी लोकांना सांगत होतो की बाबांचं दुकान अजून चालतं. गावात मोठी दुकानं आली, मोबाईलवरून सामान घरपोच येतं, शेजारच्या तीन किराणावाल्यांनी शटर ओढलं, तरी आमचं चालतं. कौतुकाने सांगत होतो. ऑफिसमध्ये एकदा तर 'लॉयल कस्टमर बेस' वगैरे शब्द वापरले होते.

रात्री लॅपटॉप गल्ल्यावरच ठेवून डबा १२० केला आणि कडेला एक पट्टा टाकला, त्यात शिरलेली लाट हळूहळू घर्षणाने मरते, परत येत नाही. प्रोग्रॅम चालू केला. बाबा पणत्यांत तेल घालत होते.

"बाबा, हे पुण्याचे पैसे दुकानात टाकता तुम्ही?"

"मंग कुठं टाकू? लिवलं हाय ना वहीत." लपवलं असतं तर वहीत लिहिलं कशाला असतं, असा त्यांचा चेहरा. त्यांच्या बाजूने खरंच होतं, मी कधी वही बघितली नव्हती.

"औषधं?"

"घेतो ना. तुया मायची सगळी आनतो." स्वतःच्या शुगरच्या गोळ्यांबद्दल ते बोलले नाहीत. मी आईला विचारलं तेव्हा कळलं, दोनच्या जागी एक चालू होती. एवढ्यावरून आमचं चांगलं वाजलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भांडू नये म्हणतात, आम्ही हळू आवाजात भांडलो. मी म्हणालो, बंद करा, पुण्याला चला. ते म्हणाले, "दीडशे घरात उधारी हाय. दुकान उघडं हाय तवर लोकं शंभर-दोनशे देऊन जातेत. बंद केलं का मंग कोन देईन?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेब त्यांचा माझ्यापेक्षा पक्का आहे.

झोपायच्या आधी बघितलं तर प्रोग्रॅम थांबला होता. नव्या डब्यात गोळा ४,२०० च्या थोडा पुढे गेला आणि विस्कटला. आलेखावर शेवटची शंभरेक एककं सोडली तर आधीचं सगळं माझ्या अमर गोळ्यासारखंच दिसत होतं. खरोखर, दोन्ही आलेख शेजारी ठेवले तर पहिले दोन हजार कोणते कुठले ते मलाही सांगता आलं नसतं.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं होतं असंही नाही. पुण्याला परत येताना ट्रॅव्हल्समध्ये झोप लागेना, म्हणून मोबाईलवर एक जुना निबंध वाचत होतो. १९७५ साली डॅशन, हासलाखर आणि नेव्ह्यू यांनी एका मितीत याच फील्डसाठी लहान धडधडत्या गोळ्याचं सूत्र मालिकेच्या रूपात मांडलं. पहिलं पद बरोबर, दुसरं बरोबर, कितवंही पद काढा, कुठेच गळती नाही. कागदावर गोळा अमर. १९८७ साली सेगर आणि क्रुस्कल यांनी दाखवलं की असा अमर गोळा नाहीच. गळती आहे, पण ती कुठल्याही पदात दिसणार नाही इतकी लहान आहे.

इतकी लहान म्हणजे किती? साधारण असं समजा. गोळ्याची उंची ०.०२ असेल तर गळती ई या संख्येच्या उणे पन्नासाव्या घातासारखी. दशांशचिन्हानंतर २१ शून्यं, मग पहिला आकडा. तुम्ही मालिकेची दहा पदं तपासलीत तरी तुमची नजर दशांशचिन्हानंतरच्या १६-१७ शून्यांपर्यंतच पोचते. आणखी पदं घ्या, मग आणखी लहान गोळा घ्या, गळती पुन्हा नजरेच्या खाली. प्रत्येक पायरीवर तपासणी बरोबर आणि उत्तर चूक. मार्टिन क्रुस्कल हे तेच, ज्यांनी १९६५ साली झाबुस्कींबरोबर 'सॉलिटॉन' हा शब्द दिला. म्हणजे टिकणाऱ्या लाटेचं बारसं करणाऱ्या माणसानेच बावीस वर्षांनी या दुसरीचा मृत्यूचा दाखला लिहिला.

मरतो म्हणून ऑसिलॉन बिनकामाचा, असं मात्र कोणी समजू नये. विश्वाच्या अगदी सुरुवातीला, महाविस्ताराच्या लगेच नंतर, जे फील्ड डोलत होतं ते अशा गोळ्यांत फुटलं असू शकतं. मुस्तफा अमीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की काही प्रारूपांत त्या वेळच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा ऑसिलॉनमध्येच अडकलेला असतो. तिथे त्यांनी कायमचं टिकण्याची गरज नसते. पुढचं काहीतरी घडेपर्यंत टिकले की पुरतं.

प्राध्यापकांना मी आभाराचं मेल पाठवलं, आकडा कळवला. त्यांचं पुन्हा दोन ओळींचं उत्तर आलं. "सुरुवातीची त्रिज्या थोडी बदलून पाहा, आयुष्य खूप बदलतं." खरंच बदलतं. त्रिज्या किंचित हलवली की ४,२०० चे ३,००० होतात, कधी ६,००० च्या पुढे जातात. सध्या शनिवारी हेच करतो. पन्नास हजार पुन्हा कधी आले नाहीत.

पाच तारीख आली. आधी शुगरच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम घेऊन कुरिअर केल्या, पाकिटावर आईचं नाव टाकलं, म्हणजे त्या गल्ल्यात जाणार नाहीत. मग पैसे पाठवायला मोबाईल काढला. पंधरा हजार पाठवायचे की नाही, यावर मी दोन दिवस घोळ घातला होता. न पाठवले तर दुकानाचं खरं आयुष्य किती ते सहा-आठ महिन्यांत कळेल. माझ्यातल्या बग शोधणाऱ्या माणसाला ते जाणून घ्यायचं होतं, हे कबूल करतो.

रकमेखाली एक रिकामी जागा असते, कशासाठी ते लिहायला. दीड वर्ष मी तिथे 'औषध' लिहीत होतो. या वेळी 'दुकान' लिहिलं आणि पाठवले.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "आले पैसे," म्हणाले. मग थोडं थांबून, "तो गोया हाय का रे अजून? का गेला?"

"गेला. ४,२०० ला."

"बराच चालला मंग," बाबा म्हणाले. आणि फोन आईकडे न देता, यंदा तुरीला काय भाव निघाला ते सांगत बसले.